गाढवाच्या पाठीवरून सव्वातीनशे वर्षांचं पुणं: एका प्राण्याच्या पिढ्यांतून गावाची ऐतिहासिक कादंबरी कशी लिहायची

आपल्या गावावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची इच्छा खूप जणांना असते आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकते, ती म्हणजे राजे आणि सरदार. गाव बाजूलाच राहतं आणि आपण दरबार लिहीत बसतो. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक प्राणी धरायचा आणि त्याच्या मागे मागे शतकं चालायची. मी हे काम गेली काही वर्षं पुण्यावर करतेय, प्राणी आहे गाढव, म्हणजे नीट सांगायचं तर गाढविणींची एक आईकडून चालत आलेली वंशावळ, कसब्यातल्या कुंभारवेशीजवळच्या एका घराच्या दावणीला. या कामात जे हाताला लागलं ते क्रमाने सांगते. उदाहरणं पुण्याची असली तरी पद्धत कुठल्याही गावाला लागू पडेल.

आधी प्राणी ठरवा, आणि घाई करू नका

पहिला मोह घोड्याचा किंवा हत्तीचा होतो. पण घोडा सरदाराच्या पागेत असतो, हत्ती पिलखान्यात, म्हणजे प्राणी बदलला तरी आपण परत दरबारातच. मी एकच प्रश्न विचारते: हा प्राणी या गावात प्रत्येक काळात असणारच होता का, आणि तेव्हा त्याला काय काम होतं? गावात नुसता दिसतो एवढ्यावर भागत नाही, त्याला काम पाहिजे, कारण कामामुळेच तो गल्लीबोळात फिरतो, घाटावर जातो, वेशीबाहेर जातो आणि वेगवेगळ्या जातीच्या, वेगवेगळ्या ऐपतीच्या लोकांच्या दारात उभा राहतो.

गाढव या कसोटीला पूर्ण उतरतं. कुंभाराची माती, परटाचे कपडे, वडाराचा दगड, बेलदाराचा चुना, सगळं त्याच्याच पाठीवर. शिवाय मराठीच्या मनात गाढवाची जागा फार जुनी आहे. शिलाहार-यादवांच्या काळातले गद्धेगाळ आठवा, वर चंद्रसूर्य, खाली शापाचं चित्र, दान मोडणाऱ्याला दगडात कोरलेली शिवी, आणि त्या शिवीत गाढव. दुसऱ्या टोकाला पैठणच्या नाथांची गोष्ट, रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली ती. एकाच जनावराच्या वाट्याला एवढा अपमान आणि एवढी करुणा दोन्ही आलीये, मग त्याच्या नजरेतून गाव बघायला निघालं तर रिकाम्या हाताने परत यायची वेळ येत नाही.

तुमचं गाव कोल्हापूर असेल तर म्हैस बघा, बंदर असेल तर मासळीबाजारातली मांजर बघा, फक्त कामाचा प्रश्न विचारल्याशिवाय नक्की करू नका.

एकच प्राणी की वंश

शेकडो वर्षं जगणारा एकच चमत्कारी प्राणी घ्यायचा की पिढ्या घ्यायच्या, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं. चमत्कार सोपा वाटतो, पण मरणच नसलेल्या प्राण्याला भीती कसली? आणि त्याला भीती नसेल तर वाचकाला कशाला वाटेल? म्हणून मी पिढ्यांच्या बाजूची आहे.

आता थोडा हिशोब. गाढव नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं सहज जगतं, क्वचित चाळीसच्या आसपासही जातं, आणि कष्टाचं असेल तर बरंच आधी संपतं. गाभणपण साधारण बारा महिन्यांचं, आणि बहुतेक वेळा एकच शिंगरू. माझी कादंबरी १६३० च्या सुमाराला सुरू होते आणि १९६१ ला संपते, म्हणजे ३३१ वर्षं. दर दहा वर्षांनी पुढची पिढी धरली तरी तेहतीस गाढविणी झाल्या. तेहतीस चॅप्टर कोणी वाचणार नाही आणि लिहिणाराही थकेल, म्हणून त्यातल्या सात निवडायच्या आणि मधल्यांचा नुसता धागा ठेवायचा.

हा धागा कशाचा, याचा विचार नीट करा, कारण इथे खूप जण फसतात. पाठीवरचा काळा पट्टा आणि खांद्यावरची आडवी रेघ ही वंशाची खूण म्हणून वापरावीशी वाटते, पण ती बहुतेक गाढवांना असतेच, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि फाटलेला कान तर आईकडून लेकीकडे जात नाही. मी तीन गोष्टींवर भरवसा ठेवला: दावणीची जागा, गळ्यातली एक पितळी घंटा जी घरात राहते आणि मानेवर बदलत जाते, आणि वाट. गाढवाची वाटेची आठवण चांगली असते, शिंगरू आईच्या मागे मागे चालत वाट शिकतं, त्यामुळे घरापासून नदीपर्यंतची एक वाट ३३१ वर्षं आईकडून लेकीकडे जाते. वरचं गाव बदलत राहतं, ती वाट मात्र तिथेच असते, कधी बोळ, कधी रस्ता, कधी पुलाखालचा उतार.

ओझ्याचा तक्ता करा

पूर्ण लेखातला एकच भाग करून बघणार असाल तर हा करा. गाढवाला सन कळत नाही, पेशवा कळत नाही, पण पाठीवर काय लादलंय ते कळतं, त्याचं वजन, त्याचा वास, ते टोचतं की गळतं की सरकतं. म्हणून मी साल आणि घटनेची नेहमीची टाइमलाइन केलीच नाही. वहीत दोन रकाने काढले, एकात काळ आणि दुसऱ्यात त्या काळातलं ओझं. गावाचा इतिहास ओझ्याच्या भाषेत उतरवता आला की कादंबरीचा सांगाडा उभा राहिलाच म्हणून समजा.

माझा तक्ता असा झाला. १६३० च्या सुमाराला आदिलशाहीचा मुरार जगदेव पुणं जाळून उद्ध्वस्त करतो आणि गाढवाचा नांगर फिरवतो, तिथे पाठीवर ओझं नाही, मानेवर जू आहे. मग जिजाबाई आणि बालशिवाजी येतात, वस्ती परत बसते, तेव्हा पडक्या घरांची माती आणि नव्या भिंतींची माती, एक बाहेर न्यायची एक आत आणायची. मग १७३० ते १७३२, शनिवारवाड्याचं बांधकाम, सागवान जुन्नरकडून, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. आता जुन्नरचं सागवान गाढवावर येत नाही, ते सोडून द्या, पण वीट आणि चुना हे तिचंच काम. पेशवाईतल्या विटा पातळ आणि चपट्या, हातात धरून बघितल्यात तर लक्षात येतं की गोणीत त्या आजच्या विटांसारख्या बसणार नाहीत, त्यांची किनार वेगळ्या ठिकाणी टोचणार.

पुढे १७५० च्या आसपास नानासाहेबांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, परत चुना आणि वीट, पण वाट वेगळी, कात्रजच्या चढाची. १८०२ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली, यशवंतराव होळकर जिंकले आणि नंतर शहराची लूट झाली, तेव्हा पाठीवर घरचीच भांडी आणि पळणारं माणूस. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली आणि वाडा कित्येक दिवस जळत होता, तिथे राख आणि खिळे. १८५८ ला रेल्वे पुण्यात आली, खडी आणि मुरूम. १८९७ चा प्लेग, लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्यात राहायला जातायत, त्यांचं सामान. आणि १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं, नंतरचे कित्येक दिवस फक्त गाळ.

बघा, १७३० ची वीट वाड्यात गेली, १८२८ ला त्याच वाड्याची राख बाहेर आली, आणि दोन्ही एकाच दावणीच्या गाढविणींच्या पाठीवरून. हा दुवा मी डोकं लावून शोधलेला नाही, तक्ता करताना समोरासमोर आल्यावर दिसला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली की ही कादंबरी होणार. यात सात ठिकाणांपेक्षा जास्त ओझी आहेत हे लक्षात आलं असेल. आधी सगळी लिहून काढा, मग गाळा. मी पाण्याचा नळ आणि रेल्वे यांना स्वतंत्र चॅप्टर दिला नाही, ते मधल्या धाग्यात टाकले.

तिला काय कळतं आणि काय नाही

गाढवाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूला, त्यामुळे आजूबाजूचं खूप मोठं दिसतं पण नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. रंगांत निळा-पिवळा बरा कळतो, लाल आणि हिरवा वेगळे काढणं अवघड. म्हणजे तुम्ही "लालभडक रक्ताचं थारोळं तिने पाहिलं" असं लिहिलंत की वाक्य खोटं झालं. रक्त तिला वासाने कळणार, जमिनीवर ओलं काळपट काहीतरी म्हणून कळणार. कान मोठे आणि स्वतंत्र फिरणारे, एक पुढे एक मागे ठेवू शकते. तिला लांबचं ऐकू येतं, पूर यायच्या आधीचा आवाज माणसाच्या आधी तिच्याकडे येणार.

आणि एक महत्त्वाचं. गाढव हट्टी असतं असं आपण म्हणतो, पण घोडा घाबरला की उधळतो आणि गाढव घाबरलं की बहुतेक वेळा जागच्या जागी थांबतं. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो खूपदा भीतीचा किंवा विचाराचा क्षण असतो. हे मला कळल्यावर जवळजवळ सगळे प्रसंग बदलले, कारण माझी नायिका संकटात पळत नाही, थांबते, आणि ऐतिहासिक प्रसंगाच्या मधोमध थांबलेलं जनावर म्हणजे लेखकाला दुसरं काय पाहिजे. पाण्याच्या बाबतीतही ती चोखंदळ असते, घाण पाणी पटकन पीत नाही, तहानलेली राहील. नदीकाठची वस्ती वाढत गेली तशी नदीवरची तिची पाणी प्यायची जागा वर वर सरकत गेली, हे मी चार चॅप्टरमध्ये फक्त एकेका वाक्यात ठेवलंय आणि मुठेचं काय होत गेलं ते मला त्याशिवाय कुठेही सांगावं लागलं नाही.

निवेदन प्रथमपुरुषी करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. गाढव "मी" म्हणायला लागलं की ते लगेच शहाणं होतं, टोमणे मारायला लागतं आणि माणसांना उपदेश करतं. तृतीयपुरुषी ठेवा पण तिच्या कातडीच्या आत राहा. तिला जे नाव माहीत नाही ते नाव त्या वाक्यात येणार नाही. वाचकाला काळ कळायला चॅप्टरच्या डोक्यावर शक, पेठ आणि ओझं एवढं दिलं की पुरतं.

प्रसिद्ध दिवस कसा लिहायचा

प्रत्येक गावाचा एक दिवस असतो जो सगळ्यांना पाठ असतो. पुण्यासाठी तो ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस, भर दिवसा गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात मारलं. आत काय झालं ते सगळ्यांनी सांगून झालंय, आणि ती "काका मला वाचवा" ही हाक तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये गाढविणीला कसंतरी करून आत नेलं होतं, दोन पानं त्यात गेली, आणि प्रसंग मेलेला होता कारण तिला तिथे कामच नव्हतं.

मग उलटं केलं. ती बाहेरच आहे, चुना घेऊन आलेली, उतरवून घ्यायला आतून माणूस यायचाय. आता लिहिलं ते असं आहे:

"दार बंद झालं. रोज या वेळेला बंद होत नाही. मालकाने दोर सोडला, परत धरला, परत सोडला आणि तो भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. ती उभी राहिली. आतून खूप पायांचा आवाज आला आणि मग अजिबात आला नाही. चुन्याची गोणी डाव्या बाजूला ओली झाली होती, घामाने, आणि तिथे कातडीला चटका बसायला लागला. रोज इथे ओझं उतरतं. तिने एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला. ऊन भिंतीवरून खाली आलं, तिच्या पाठीवर आलं, पाठीवरून गेलं. कोणी उतरवायला आलं नाही."

चुन्याला घाम लागला की तो भाजतो, हे काम केलेल्या माणसाला लगेच कळतं. एवढ्या परिच्छेदात पेशवा नाही, गारदी नाही, राघोबा नाही, पण त्या दिवशी शहराची रोजची शिस्त कशी मोडली ते आहे. प्रसिद्ध दिवशी प्राण्याचं रोजचं कुठलं काम अडलं, हा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की तिथेच बसून लिहा, खिडकीतून आत डोकावायला जाऊ नका.

वादाचा प्रसंग, म्हणजे नांगर

गाढवाचा नांगर हा आपल्या भाषेत वाक्प्रचारच झालाय. पुण्याच्या बाबतीत सांगतात की मुरार जगदेवाने गाव जाळल्यावर गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, तुटकी वहाण टांगली, म्हणजे इथे परत वस्ती करायची नाही, आणि मग जिजाबाईंनी बालशिवाजीच्या हस्ते सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून तो शाप उतरवला. यातलं किती कागदाने सिद्ध होतं आणि किती बखरीतून आणि लोकांच्या तोंडून आलंय, यावर अभ्यासक बोलत आलेत. कादंबरीकाराने दोन्ही बाजूंचा मान ठेवावा. मी सोन्याचा फाळ दाखवला नाही, तिला सोनं म्हणजे काय ते कळत नाही, पण "इथे परत यायचं नाही" म्हटलेल्या जमिनीवर कोणीतरी परत नांगर धरला ही गोष्ट ठेवली.

जू मात्र शरीराने लिहा. बैलाला वशिंड असतं, जू त्याच्यापुढे अडकून बसतं. गाढवाला वशिंडच नाही, त्यामुळे बैलाचं जू तिच्या मानेवर सरकतं, घशाला लागतं, एकीकडे कलंडतं. नांगर नीट चालतच नसणार. जमीन नांगरणं हा हेतूच नव्हता, अपमान करणं हा होता, आणि ते वाचकाला समजावून सांगायची गरज पडत नाही, न बसणारं जू ते आपोआप सांगतं. अशी एक जागा तुमच्याही गावाच्या दंतकथेत असेल, जिथे कथा खरी की खोटी यापेक्षा ती घडली असती तर शरीराला काय झालं असतं हे जास्त महत्त्वाचं आहे.

माहिती कुठे शोधायची

पुण्यावर लिहिणाऱ्यांचं नशीब चांगलं आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून इथे आहे, पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि १८८५ चं पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर तीन भागांत आहे ज्यात कुठल्या जातीचे लोक काय काम करत, काय खात, घरं कशी बांधत याची पानंच्या पानं आहेत. ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा, जातींबद्दलची त्यांची सरसकट वाक्यं कादंबरीत उचलू नका, पण अवजारं, दर, धान्य, रस्ते यांच्यासाठी ते फार कामाचं. मोडी येत नसेल तर शिकायला घ्या किंवा छापील निवडींपासून सुरुवात करा, त्यातही भरपूर आहे.

दफ्तरात गाढव शोधू नका, सापडायला खूप वेळ जाईल. बांधकामाचे हिशोब शोधा, मजुरी शोधा, चुना-वीट-माती शोधा. जनावर त्या ओळींच्या मधे असतं.

वस्तूंसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन-तीन वेळा जा आणि दर वेळी एकच दालन बघा. दिवे, भांडी, कुलपं, दारं. फोटो काढण्यापेक्षा वहीत आकार काढा, हाताला आकार लक्षात राहतो.

आणि जेजुरीला जा. पौष पौर्णिमेला तिथे गाढवांचा बाजार भरतो, लांबलांबहून लोक येतात, काठियावाडी गाढवंही येतात. खरेदी करणारा तोंड उघडून दात बघतो, त्यावरून वय ठरतं, पाठीवरून हात फिरवतो, पाय उचलून खूर बघतो. मी दोन दिवस नुसती उभी होते, दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी विचारलं की ताई तुम्हाला घ्यायचंय का नुसतं बघायचंय, मी खरं सांगितलं की लिहायचंय, तर त्यांनी मला गोणी कशी लादतात ते करून दाखवलं, दोन्ही बाजूंना एकदम, एक माणूस इकडे एक तिकडे. ही गोष्ट पुढे परत येणार आहे.

काळाच्या चुका

या चुका एकट्याने सापडत नाहीत, तरी काही ठिकाणी आधीच दिवा लावून ठेवता येतो. पुण्यात सगळ्यात मोठा सापळा पेठांच्या नावांचा. १७३० च्या चॅप्टरमध्ये सदाशिव पेठ आली की चुकलं, कारण ती सदाशिवरावभाऊंच्या नावाची आणि भाऊ पडले पानिपतावर १७६१ ला. नारायण पेठेचंही तसंच. औरंगजेबाने १७०३ च्या सुमाराला पुण्याला मुहियाबाद नाव दिलं होतं, ते लोक किती बोलले असतील कोण जाणे, पण कुंभाराच्या तोंडी मी ते घातलं नाही, फक्त चौकीवरच्या शिपायाच्या तोंडी घातलं. लकडी पूल, रेल्वे स्टेशन, कॅम्प, प्रत्येकाचं आधी साल तपासा मग वाटेवर आणा.

खाण्यापिण्यात चहा सांभाळा. आपण इतके चहाचे झालोय की १७५० मधला माणूसही नकळत चहा प्यायला बसतो. काड्यापेटी, रॉकेलचा डबा, बटाट्याची भाजी, तेच. वेळ घटका आणि प्रहरात ठेवा, चोवीस मिनिटांची घटका आणि तीन तासांचा प्रहर, पण इंग्रजी आल्यावर हळूहळू वाजले-बिजले येऊ द्या, त्यानेही काळ सरकल्याचं जाणवतं. वजनाला शेर आणि मण, आणि मण सगळीकडे सारखा नव्हता, म्हणून आकडा देण्यापेक्षा "नेहमीपेक्षा जड" हे तिच्या बाजूने खरं आणि सुरक्षित.

मालकाचं घर

प्राण्याच्या मागे लागून माणसं पातळ होऊ देऊ नका. ज्या समाजांनी हे जनावर सांभाळलं, कुंभार, वडार, परीट, बेलदार, कैकाडी, त्यांना कथेत नुसतं दोर धरायला उभं करणं हा मला मोठा अन्याय वाटतो. इतिहासात त्यांची नावं कमी लिहिली गेली, निदान कादंबरीत तरी त्यांना बोलू दे. माझ्या घरात प्रत्येक चॅप्टरला एक बाई आहे जी गाढविणीशी बोलते, मालक फारसा बोलत नाही. त्या बाईची भाषा बदलत जाते, सासूची एखादी शिवी नातसुनेच्या तोंडी येते, एखादा शब्द गळून जातो. गाढवावरून धिंड काढायची शिक्षा असायची, त्यासाठी जनावर कोणाच्या तरी दावणीवरूनच नेलं जायचं ना? मग ते संध्याकाळी परत आल्यावर त्या घरात काय बोलणं झालं असेल? ती बाई त्या दिवशी तिला धुते, एवढाच प्रसंग आहे, पण तो लिहायला मला एक महिना लागला.

दोन चॅप्टरच्या मधली वर्षं

पन्नास वर्षांची उडी मारताना "काळ पुढे सरकला" असलं काही लिहू नका. मी प्रत्येक उडीला अर्धं पान ठेवलं आणि त्यात फक्त वाट लिहिली, घर ते नदी, त्या वेळची. कुठे भिंत आलीये, कुठे हौद आलाय, कुठे झाड गेलंय. मधल्या चार-पाच गाढविणी त्या अर्ध्या पानात जन्मून मरतात, घंटा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर जाते. एके ठिकाणी घंटा बरीच वर्षं खुंटीलाच राहते कारण दुष्काळात घरात जनावरच उरलेलं नाही, आणि मग नवीन गाढवीण जेजुरीच्या बाजारातून येते, म्हणजे रक्ताचा वंश तुटला पण वाटेचा नाही. तिला वाट कोण शिकवणार? म्हातारी आजी पुढे चालते आणि गाढवीण मागून. असं करायचं मी ठरवलं नव्हतं, पण तो तुटलेला सांधा आता मला पूर्ण पुस्तकात सगळ्यात जवळचा आहे.

शेवटचा चॅप्टर जिवंत माणसांना विचारून लिहा

१९६१ चा पूर बघितलेली माणसं अजून आहेत. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासलाही टिकलं नाही, आणि पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. विचारताना "तुम्हाला काय वाटलं" असं विचारू नका, सगळे तेच तेच सांगतात. जनावराचं काय केलंत, दोर कोणी सोडला, गाळाला वास कसला होता, पहिलं पाणी कुठून प्यायलात, असं विचारा, मग माणसं थांबतात आणि वेगळंच काहीतरी आठवतात. नंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा ठिकाणी पूरग्रस्तांना घरं मिळाली, आणि नव्या घराला दावण नसते. माझी शेवटची गाढवीण तिथे संपते. मरत नाही, फक्त तिला बांधायला जागा राहत नाही.

सगळं लिहून झालं की जनावर सांभाळणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. संपादकाच्या आधी त्यांना. मी मुंढव्याकडच्या एका कुंभारकाकांना प्लेगचा चॅप्टर वाचून दाखवला, त्यात एक विधवा बाई मुलाला घेऊन गावाबाहेरच्या झोपडीकडे निघते आणि गाढविणीच्या एका बाजूला जातं बांधलंय असं मी लिहिलं होतं, जड, दगडाचं, चालताना बरगडीला लागणारं. मला ते वाक्य फार आवडायचं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ताई, एका बाजूला जातं बांधलं तर खोगीर पोटाखाली जाईल, दुसऱ्या बाजूला काय होतं?

जेजुरीला आजोबांनी दाखवलं होतं तरी मी विसरले होते. घरी येऊन तीन दिवस विचार केला की त्या बाईकडे जात्याच्या वजनाचं दुसरं काय असणार, भांडी तर विकून झालेली, धान्य नाही. मग लिहिलं की दुसऱ्या बाजूच्या गोणीत तिने मुलाला बसवलं, आणि वजन कमी पडलं म्हणून त्याच्या मांडीवर दोन दगड ठेवले.